सोलरच्या कामासाठी कटर घेताय? ठराव लिहिण्याआधी हे वाचा



गेल्या काही महिन्यांत महासंघाकडे येणाऱ्या कर्ज मागणी अर्जांमध्ये एक नवीन वस्तू दिसायला लागली आहे. आधी शेळीपालन, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिरची कांडप असायचं. आता लिहिलेलं असतं, "सोलर कामासाठी लोखंड कापायचं मशीन, १ नग." खरं सांगते, वाचून छान वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, एक कोटी घरांवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हापासून आपल्या गावांतही छतावर पॅनेल दिसायला लागले. मग ते बसवायचं काम बाहेरच्यांनीच का करावं? वर्धा जिल्ह्यात कवठा (झोपडी) इथे बचत गटाच्या महिलांनी सोलर पॅनेल तयार करायचा कारखाना उभा केला. आपण निदान पॅनेलखालचा सांगाडा तरी नक्की उभारू शकतो.

पण अर्जात "लोखंड कापायचं मशीन" एवढंच लिहून भागत नाही. कोणतं मशीन? कोणता धातू? कुठे बसून कापणार? तिथे वीज कशी आहे? मी हे प्रश्न विचारते तेव्हा बैठकीत शांतता पसरते. आणि मला दोष द्यायचा तो त्या ताईंना नाही, स्वतःलाच द्यायचा आहे. कारण पहिल्या वेळी हे प्रश्न मी विचारलेच नव्हते.

आधी माझी चूक सांगते

आपल्या एका गटाने गच्चीवरच्या उंच स्ट्रक्चरचं काम घेतलं. गटाने कर्ज काढून चौदा इंची कटर आणलं. दुकानदार म्हणाला, "सगळं कापतं, डोळे झाकून न्या." पहिलं काम चांगलं झालं. दुसऱ्या कामाला गच्चीवर जागा कमी होती, ऊनही खूप. सावलीत पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि त्यांच्यापासून चार हातांवर कटर मांडलं. दिवसभर पाइप कापले. ठिणग्यांची दिवाळी चाललेली. मी तिथे उभी राहून फोटो काढत होते, या वार्तापत्रासाठीच!

संध्याकाळी पॅनेल पुसायला घेतले तर तीन पॅनेलच्या काचेवर बारीक तांबूस ठिपके. कापडाने जाईनात, पाण्याने जाईनात. ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण असतो. तो काचेवर पडला की चिकटून बसतो आणि नंतर गंजतो. घरमालकाने पैसे अडवले. महिनाभर हप्ता थकला, एका पॅनेलची भरपाई गटाच्या खिशातून गेली. तीन ताईंच्या घरात त्यावरून बोलणी बसली, "सांगितलं होतं ना, हे बायकांचं काम नाही." ताई, मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. चूक बायकांची नव्हती. मशीन आणि जागा निवडताना विचार झाला नव्हता, आणि तो करायला लावणं माझं काम होतं.

त्यानंतर मी तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांच्या दुकानात आठवडाभर जाऊन बसले. मी समाजकार्याची पदवीधर. ग्राइंडर आणि ड्रिल यातला फरकही मला धड माहीत नव्हता. काकांनी शिकवलं, मी लिहून घेतलं. तेच तुम्हाला सांगते.

पहिला प्रश्न: खरंच कापायचं किती आहे?

काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मशीन राहू दे. एका कामात काप किती मारता?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही मात्र द्या. सोलरची कामं साधारण तीन प्रकारची असतात.

एक, शेतातला सौर पंप. याचा सांगाडा कारखान्यातूनच कापून, भोकं पाडून, वर जस्ताचा थर देऊन येतो. आपण फक्त नट-बोल्ट आवळायचे. इथे काही बसत नसेल तर कापायला धावू नका. बहुतेक वेळा तुकडा उलटा लागलेला असतो किंवा खड्डा चुकलेला असतो. आधी नकाशा पाहा आणि कंपनीच्या माणसाला विचारा. मोठ्या मशीनची गरज नाही.

दोन, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छतावर बसकी मांडणी. यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे रेल लागतात. ३ किलोवॉटचं काम असेल तर ५४० वॉटचे सहा पॅनेल बसतात. त्यासाठी रेलचे काप किती? चार, सहा, फार तर आठ. एवढं काम हाताच्या हॅक्सॉने अर्ध्या तासात होतं. त्यासाठी हजारो रुपयांचं कर्ज कशाला?

तीन, गच्चीवरचं उंच स्ट्रक्चर. खाली कपडे वाळत घालता यावेत, बसता यावं म्हणून लोक सात-आठ फूट उंच करून मागतात. यात जीआयचे चौकोनी पाइप आणि सी चॅनेल लागतात, प्रत्येक गच्चीचं माप वेगळं, आणि काप तीस-चाळीस होतात. पॉवर कटर खरं लागतं ते इथे.

म्हणजे तुमच्या गटाला पुढच्या सहा महिन्यांत यातली कोणती कामं मिळणार, हे आधी लिहा. पहिल्या दोन प्रकारचीच असतील तर चांगला हॅक्सॉ, एक छोटा ग्राइंडर आणि कानस एवढ्यावर भागतं.

दुसरा प्रश्न: धातू कोणता?

ओढणीच्या पिनेला लावायचं छोटं चुंबक असतं ना, तेवढं पुरे. चुंबक चिकटलं तर लोखंड. वरून राखाडी-रुपेरी दिसत असेल तर ते जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. चुंबक चिकटलं नाही आणि वस्तू वजनाला हलकी असेल तर अ‍ॅल्युमिनियम.

हे ओळखणं का महत्त्वाचं? कारण जी चकती लोखंड झरझर कापते तीच अ‍ॅल्युमिनियमवर घातक ठरते. अ‍ॅल्युमिनियम मऊ. ते चकतीच्या खरखरीत दाण्यांत वितळून भरतं, जसं कच्च्या गुळाने खिसणीची भोकं बुजतात. मग चकती कापत नाही, नुसती घासते, तापते आणि फुटू शकते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र येणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून अ‍ॅल्युमिनियमला दातांचं पातं आणि लोखंडाला त्याचं वेगळं साधन, हा नियम पक्का करा. दोन्हीचा कचराही वेगळा झाडा.

आता एकेक मशीन पाहू

(खाली दिलेल्या किमती अंदाज यावा म्हणून आहेत. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे बदलतात. ठरावाआधी तीन कोटेशन घ्याच.)

हाताचा हॅक्सॉ. याला वीज लागत नाही, ठिणगी नाही, काही शेकड्यांत येतो. पात्यावर एका इंचात किती दात ते लिहिलेलं असतं. पातळ पाइपला २४ दातांचं, जाड अँगलला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या रेलला १८ दातांचं घ्या. पातळ पाइपला मोठ्या दातांचं पातं लावलं तर दात अडकून तुटतात. पात्याचे दात पुढच्या दिशेला तोंड करून लावायचे. जोर पुढे ढकलताना द्यायचा, मागे येताना नाही.

चार इंची हँड ग्राइंडर. दोन-तीन हजारांत चांगल्या कंपनीचा मिळतो. उचलून कुठेही नेता येतो, बोल्ट कापायला, कडा घासायला, वर बसवलेल्या पाइपचा इंचभर भाग काढायला उपयोगी. पण सरळ काप हातावर अवलंबून. चाळीस पाइप यावर कापले तर तोंडं वाकडी येतात आणि जोड नीट बसत नाहीत. मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे फिरणारं हे यंत्र आहे. अपघात सर्वांत जास्त यानेच होतात, कारण ते लहान दिसतं आणि आपण त्याला घाबरत नाही.

चौदा इंची कटर, ज्याला चॉप सॉ म्हणतात. आठ-दहा हजारांच्या आसपास. पाइप शिकंज्यात आवळायचा, दांडा खाली दाबायचा. काप सरळ येतो, ४५ अंशातही मारता येतो. जीआय पाइपच्या मोठ्या कामाला आपल्याकडे हेच वापरतात. तोटे असे: ठिणग्या भरपूर, आवाज मोठा, कापलेलं तोंड तापून त्यावर धारदार बर राहते, आणि वजन पंधरा किलोच्या वर. दोघींनी उचलायचं. अ‍ॅल्युमिनियम यावर कापायचं नाही.

दातांचं कोल्ड कट कटर. दिसायला चॉप सॉसारखंच, पण दगडी चकतीऐवजी कार्बाइडचे दात असलेलं पातं. हे सावकाश फिरतं, मिनिटाला साधारण १३०० ते १५०० फेरे. चॉप सॉ फिरतो ३८०० च्या आसपास. त्यामुळे ठिणग्या अगदी कमी, काप गार आणि स्वच्छ, जस्त फार जळत नाही. पण किंमत पंचवीस-तीस हजारांच्या पुढे, आणि पातं वेगळं महाग. महिन्याला आठ-दहा उंच स्ट्रक्चर करणाऱ्या गटालाच परवडेल.

इथे एक धोक्याची सूचना. "दातांचं पातं आणून आपल्या जुन्या चॉप सॉलाच लावू," असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. ते पातं कमी वेगासाठी बनवलेलं असतं. दुप्पट-अडीचपट वेगाने फिरवलं तर दात उडतात, आणि ते गोळीसारखे येतात. लाकडाचं पातं ग्राइंडरला लावणंही तसंच. सुतारकामात कुणी करताना पाहिलं असेल, पण ते बघून शिकू नका.

हातातली बँड सॉ. बांगडीसारखं गोल जोडलेलं लांब पातं फिरत राहतं आणि पाइप कापतं. बॅटरीवरचीही मिळते. ठिणगी जवळजवळ नाही, आवाज कमी, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही चालतं. पातं फक्त बदलत चला. गच्चीवर, पॅनेलच्या जवळ, गोठ्याच्या शेजारी काम असेल तर हे सगळ्यात सुरक्षित. मात्र महाग आहे, पाती तालुक्याला सहज मिळत नाहीत, आणि कापायच्या वस्तूच्या आकाराला मर्यादा आहे. घेण्याआधी तुमचा मोठ्यात मोठा पाइप त्यात बसतो का ते दुकानातच घालून पाहा.

चकतीवर काय लिहिलंय ते वाचा

औषधाच्या पाकिटावरची तारीख आपण वाचतो. चकतीवरचीही वाचायची. मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती वापरायची शेवटची तारीख. बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. कारण चकतीतले दाणे राळेने चिकटवलेले असतात, आणि राळ कालांतराने कमजोर होते. ओल लागली तर त्याआधीच. म्हणून चकत्या ओल्या भिंतीपाशी नको, कोरड्या डब्यात आडव्या ठेवा.

दुसरं, आरपीएम. चकतीवरचा आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठा किंवा निदान तेवढाच हवा. चार इंची चकतीवर १५,००० च्या पुढचा आकडा असतो, चौदा इंचीवर ४,३०० च्या आसपास. चकती जेवढी मोठी, तेवढा तिचा सहनशील वेग कमी. म्हणूनच चार इंची ग्राइंडरचा गार्ड काढून त्याला पाच इंची चकती लावण्याचा जो जुगाड चालतो, तो जिवावरचा आहे. गार्ड आडवा येतोय असं वाटलं तर समजा चकती चुकीची आहे, गार्ड नाही.

तिसरं, कापायच्या पातळ चकतीने घासायचं नाही. ती बाजूने दाब सहन करत नाही, तडकते. घासायला जाड चकती वेगळी.

वीज: गावातलं खरं दुखणं

२२०० वॉटचा चॉप सॉ २३० व्होल्टवर साधारण साडेनऊ ते दहा अँपिअर घेतो. सुरू होताना त्याहून बराच जास्त. घरातल्या टीव्हीच्या सहा अँपिअरच्या प्लगला तो लावला तर प्लग वितळतो. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला, तीन पिनांचा सॉकेट हवा. तिसरी पिन कापून काम भागवायचं नाही.

एक्स्टेंशन वायर लग्नाच्या मांडवातली नको. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअर वायर घ्या, लांबी गरजेपुरतीच, आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, तेव्हा मशीन घुरघुरतं आणि मोटर तापते. मग "मशीन खराब निघालं" असं आपण म्हणतो. कापायचं काम सकाळीच उरका. ज्या घरी काम आहे तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या.

बिलाची काळजी मात्र करू नका. चाळीस काप, प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तर वीस मिनिटं. युनिटभरही वीज लागत नाही.

कुठे बसून कापायचं?

आमच्या चुकीचं उत्तर इथे आहे. कापायचं ते खाली, अंगणात. मापं वरून घ्यायची, तुकडे खाली करायचे, मग वर न्यायचे. पॅनेल, रंगीत पत्रा, गाडी, काचेची खिडकी, वाळलेला कडबा, सरपण, गॅस सिलिंडर यांच्याकडे ठिणग्यांचं तोंड नको. रंगीत पत्र्यावर कण पडले तर पहिल्या पावसात गंजाचे डाग उठतात. जवळ पाण्याची बादली आणि वाळूची पाटी ठेवायची, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. कडब्यात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, आत धुमसते.

पॅनेल बसवून झाल्यावर सांगाड्याला कटर लावायचं नाही. दिवसा पॅनेल बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर त्यात वीज आहे. सहा पॅनेल एका ओळीत जोडले की ३०० व्होल्टच्या जवळ डीसी करंट तयार असतो. चकती चुकून वायरला लागली तर काय होईल ते सांगायला नको.

माप घेताना काप मोजा

सहा मीटरच्या पाइपमधून २.४ मीटरचे दोन आणि १.२ मीटरचा एक तुकडा हवाय. बेरीज बरोबर सहा. बसेल ना? नाही बसणार. चौदा इंची चकती तीन मिलिमीटर जाड असते. प्रत्येक कापात तेवढं लोखंड पूड होऊन जातं. दोन कापांत सहा मिलिमीटर गेले, शेवटचा तुकडा आखूड. म्हणून आधी वहीत सगळ्या तुकड्यांची यादी करा, लांब तुकडे आधी कापा, आणि प्रत्येक कापाचे तीन मिलिमीटर धरा. आपण ब्लाउज बेतताना शिलाईची माया सोडतो, तसंच. गुण्या लावून रेघ मारा. दोघींनी वेगवेगळं माप घ्या, जुळलं तरच कापा.

कापलेलं तोंड उघडं ठेवू नका

जीआयवरचा जस्ताचा थर केसाएवढा पातळ असतो, पण वर्षानुवर्षं लोखंड सांभाळतो. कापलेल्या तोंडावर तो नसतो, आणि चकतीच्या उष्णतेने आजूबाजूचाही थोडा जळतो. तिथूनच गंज सुरू होतो. पॅनेल पंचवीस वर्षं चालतील असं सांगून आपण विकतो. सांगाडा पाच वर्षांत गंजला तर गावात तोंड दाखवता येईल का?

पद्धत सोपी आहे. कानसीने बर काढा, तारेच्या ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि झिंक रिच पेंटचे दोन हात मारा. दुसरा हात पहिला वाळल्यावर. पाइपच्या आतल्या कडेलाही लावा. नेहमीचा रुपेरी अ‍ॅल्युमिनियम पेंट दिसायला तसाच दिसतो, पण तो जस्ताचं काम करत नाही. डब्यावर "झिंक" लिहिलेलं वाचूनच घ्या. पेंटचा खर्च अंदाजपत्रकात धरायला विसरू नका.

अंगावर काय हवं

साडी आपली, तिचा अपमान नाही. पण फिरत्या मशीनजवळ पदर, ओढणी, सुटी वेणी, बांगड्या, लांब मंगळसूत्र नको. पदर कमरेला खोचणं पुरेसं नाही, तो सुटतो. सुती सलवार-कुर्ता आणि वरून जुना सुती फुलशर्ट, बटणं लावून. सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. केस बांधून वर रुमाल. मंगळसूत्र शर्टाच्या आत किंवा काम होईपर्यंत घरी. एका गटात सासूबाईंनीच सुनेला सांगितलं, "डोळा गेला तर मंगळसूत्र बघायला तरी दिसेल का?" यावर मी काय बोलणार!

डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल, ग्राइंडर चालवताना वरून फेस शील्डही. उन्हाचा चष्मा चालत नाही. पायात बंद बूट, चप्पल नको. कानात इअरप्लग. तोंडाला एन-९५ मास्क, कारण जीआय कापताना निघणारा पांढरा धूर छातीत जायला नको. काम नेहमी मोकळ्या हवेत करा. कापलेले तुकडे उचलताना चामड्याचे हातमोजे, पण मशीन चालवताना सैल सुती मोजे नकोत, ते ओढले जातात. चकतीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला. चकती बदलताना प्लग काढलेलाच हवा, फक्त बटण बंद करून चालत नाही. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.

हे सगळं साहित्य मशीनच्याच कर्जात धरा. "नंतर घेऊ" म्हटलं की ते कधीच येत नाही.

विकत घ्यायचं की कापून आणायचं?

आता हिशेब. समजा फॅब्रिकेशनवाला एका कापाचे १० रुपये घेतो. एका कामात ४० काप, म्हणजे ४०० रुपये. आपण स्वतः कापलं तर चकती आणि वीज मिळून समजा १५० रुपये. एका कामात वाचले २५० रुपये. मशीन ९,००० चं असेल तर पैसे वसूल व्हायला ३६ कामं लागतील. महिन्याला तीन कामं मिळाली तर एक वर्ष. महिन्याला एकच मिळालं तर तीन वर्षं, आणि व्याज वेगळं. तुमच्या भागातले खरे दर टाकून हाच हिशेब बैठकीत फळ्यावर मांडा.

ज्यांना महिन्याला एखादंच काम मिळतं त्यांनी मापं देऊन तुकडे कापून आणावेत आणि जवळ हॅक्सॉ, ग्राइंडर ठेवावा. किंवा तीन-चार गटांनी मिळून प्रभाग संघात एकच चॉप सॉ घ्यावा, नोंदवहीवर सही करून न्यावा-आणावा. हा विषय मी पुढच्या मासिक बैठकीत मांडणार आहे. तुमचं मत तयार ठेवा.

ठरावात ही सहा उत्तरं हवीत

१. सहा महिन्यांत कोणती कामं आणि एका कामात किती काप?
२. धातू कोणता: जीआय, अ‍ॅल्युमिनियम की दोन्ही?
३. कुठे कापणार आणि तिथे सोळा अँपिअरचा सॉकेट आहे का?
४. मशीन कोणतं, चकती किंवा पातं कोणतं, तालुक्याला दुरुस्ती होते का?
५. गॉगल, मास्क, बूट, झिंक पेंट, वायर यांचा खर्च धरला का?
६. मशीन चालवायला कोणत्या दोघी शिकणार आणि कुणाकडे?

ज्या गटाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्यांनी मशीन विकलं नाही. ते अंगणात उतरवलं. आता गच्चीवर फक्त टेप आणि वही जाते. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा एक ताई कापलेल्या तोंडांना झिंक पेंट लावत होत्या आणि घरमालक शेजारी उभा राहून विचारत होता, "हे कशाला?" ताईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं, जस्त, गंज, पंचवीस वर्षं. मी या वेळी फोटो काढला नाही. आधी पॅनेल कुठे ठेवलेत ते पाहिलं. ते घराच्या पलीकडच्या बाजूला, ताडपत्रीखाली होते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक